पहिलं रिमिक्स फुकटच्या सॉफ्टवेअरवर: आधी मात्रा मोजा, मग माउस धरा

लॅपटॉप उघडायच्या आधी एक काम करा. नाचायला लावणारं, आवडीचं कुठलंही गाणं मोबाइलवर लावा आणि मांडीवर ठेका देत मोजा: एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक. चार-चार मात्रांचे असे आठ फेरे झाले की बत्तीस होतात. आता नीट ऐका. बहुतेक गाण्यांत याच ठिकाणी काहीतरी बदलतं. ढोलकी आत येते, कोरस सुरू होतो, नाहीतर सगळं थांबून नुसता आवाज उरतो. तबला शिकलेल्यांना हे सांगायला नको, त्यांना सम कुठे येते ते झोपेतही कळतं. भजनी मंडळात टाळ धरलेल्या माणसालाही कळतं. मी शाळेत असताना काकांच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. पुढे मिक्सिंग शिकायला घेतलं तेव्हा त्या टाळांनीच मला तारलं.

हे आधी सांगायचं कारण, सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं आणि उत्तम मिळतं. दोन गाण्यांचा वेग तेच जुळवतं, पट्टी तेच ओळखतं. पण दुसरं गाणं पहिल्याच्या समेवर आणून ठेवायचं काम तुमच्या कानालाच करावं लागतं. आठवडाभर रोज दहा मिनिटं नुसते बत्तीस मोजा. एसटीत बसून मोजा, भाजी चिरताना मोजा. हा आठवडा चुकवू नका.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं

फुकटचे पर्याय बरेच आहेत. व्हर्च्युअल डीजे घरगुती वापरासाठी पैसे घेत नाही. सेराटो डीजे लाइट आणि रेकॉर्डबॉक्सची मोफत आवृत्तीही मिळते. तिन्ही चांगली आहेत, पण तिन्हींत एक दार पैशांच्या दिशेने उघडतं. थोडं पुढे गेलात की एखादं बटण कुलूपबंद सापडतं.

म्हणून नवशिक्याला मी एकच नाव सांगते. त्याचा उच्चार नुसता 'मिक्स' असा आहे, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एम, आय आणि पुढे तीन एक्स येतात. मिक्सिंगशी गल्लत नको म्हणून इथे मी मिक्स्स असं लिहिते. २००१च्या सुमारास एका संशोधकाच्या पीएचडीच्या कामातून हे सुरू झालं आणि आज जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, बदलता येतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. चार डेक (एकेक गाणं चढवून वाजवायच्या जागा), इफेक्ट, सॅम्पलर (छोटे आवाज ठेवून हवे तेव्हा वाजवायची सोय), रेकॉर्डिंग, कंट्रोलर (बटणं आणि चकत्या असलेलं डीजेचं यंत्र) जोडायची सोय, हे सगळं पहिल्या दिवसापासून उघडं असतं. डाउनलोड फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरून करा. 'क्रॅक' किंवा 'फुल व्हर्जन' असं लिहिलेल्या साइटकडे फिरकू नका. जे फुकटच आहे त्याची चोरटी प्रत देणारा माणूस सोबत व्हायरसच देणार.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांना बँडलॅबवर सुरुवात करता येईल. ते फोनवरही चालतं आणि ब्राउझरमध्येही. दोन डेकचं मिक्सिंग त्यात होत नाही, पण तुकडे जोडून रिमिक्स बांधता येतं. या लेखातलं पुढचं सगळं मात्र लॅपटॉप धरून आहे.

गाणी आणा, पण चांगली आणा

मिक्स्सला गाण्याची फाइल लागते. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं त्यात उघडत नाही, कारण ती फाइल कुलूपबंद असते. विकत घेतलेली एमपीथ्री असेल तर ३२० केबीपीएसची घ्या. चार मिनिटांचं गाणं साधारण ९.६ एमबीचं होतं. तेच सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये ४२ एमबीच्या आसपास जातं. व्हिडिओवरून ओढलेलं गाणं मोबाइलवर ठीक वाटतं. मोठ्या स्पीकरवर लावा म्हणजे झांजा पत्र्यासारख्या वाजताना ऐकू येतील.

रिमिक्सच्या सरावासाठी सीसीमिक्स्टर ही साइट फार उपयोगाची आहे. २००४पासून तिथे गायक-वादक आपले सुटे आवाज आणि सुटी वाद्यं इतरांनी वापरावीत म्हणून ठेवतात. फ्रीसाउंडवर एकेकटे आवाज मिळतात: टाळी, घुंगरू, पाऊस, रेल्वे. दोन्हीकडे प्रत्येक फाइलसोबत क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिलेला असतो, तो वाचा. परवान्यात 'बीवाय' असेल तर मूळ कलाकाराचं नाव द्यायचं. 'एनसी' असेल तर त्यावर पैसे कमवायचे नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या काही परवान्यांत 'एनडी' ही अक्षरं असतात. अशा फाइलचं रिमिक्सच करायचं नाही, ती आहे तशीच वाजवायची.

पहिल्यांदा उघडल्यावर

सुरू होताच मिक्स्स विचारतं, गाणी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत? डीजेसाठी वेगळा फोल्डर करून तोच दाखवा. सुरुवातीला वीस गाणी पुरेत. हजार गाण्यांचा ढिगारा ओतलात तर एकही गाणं धड ओळखीचं होणार नाही.

मग डावीकडच्या यादीत अ‍ॅनालाइझवर जाऊन सगळी गाणी निवडा आणि तपासायला सोडा. प्रत्येक गाण्याचा वेग, पट्टी आणि बीटच्या रेघा मिक्स्स शोधून काढतं. वेग बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती बीट, असा दिसतो. जुन्या लॅपटॉपवर याला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

आपल्याकडच्या गाण्यांबाबत खरी गंमत इथूनच सुरू होते आणि बहुतेक मार्गदर्शक नेमकं हेच सांगत नाहीत. ते हाउस किंवा टेक्नो डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. ते संगीत यंत्रावर बनतं, १२५ म्हणजे शेवटपर्यंत १२५च. पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीवाला समोर बसून वाजवत असतो. तो रंगात आला की गाणं धावतं. ढोल-ताशाचं थेट रेकॉर्डिंग तर मिनिटभरात कुठल्या कुठे जातं. अशा गाण्यांसाठी प्रेफरन्सेसमध्ये बीट डिटेक्शन उघडून 'असूम कॉन्स्टंट टेम्पो' या पर्यायाची खूण काढा आणि गाणं पुन्हा तपासायला लावा. मग रेघा ढोलकीच्या मागोमाग सरकतात.

दुसरी अडचण कोळीगीतांची. बरीचशी कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीत असतात, दादऱ्यासारखी. सॉफ्टवेअर तिथे हमखास फसतं. समजा त्याने १४० दाखवलं. तुम्ही उठून पाय आपटा. पाय पडतोय मिनिटाला त्र्याण्णवच्या आसपास, म्हणजे १४०च्या दोन तृतीयांश. गाण्यावर राइट क्लिक करा, बीपीएम बदलायच्या यादीत दुप्पट आणि निम्म्यासोबत दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश असेही पर्याय आहेत. योग्य तो निवडा. पटलं की बीपीएमच्या शेजारचं छोटं कुलूप लावून टाका, म्हणजे पुढच्या तपासणीत आकडा बदलणार नाही.

या गाण्याखाली चार मात्रांचा ठेका घालायचा झाला तर ९३च्या वेगाचा नुसता धम्-धम् घ्या. धम् पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडेल आणि गाणं होडीसारखं डुलेल. त्याच ठेक्यात मधल्या जागी हायहॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांची, सरळ टिक-टिक असेल तर मात्र सगळं लंगडतं. असा ठेका टाकून द्या आणि दुसरा शोधा, वेळ घालवू नका.

पहिलं मिक्स: दोन गाणी, एक सांधा

वेगाने जवळची दोन गाणी निवडा. एक १०० बीपीएमचं आणि दुसरं १०४चं, असा चार टक्क्यांचा फरक सहज पचतो. यादीत गाणं निवडून शिफ्ट आणि डावा बाण दाबलात की ते पहिल्या डेकवर चढतं, शिफ्ट आणि उजव्या बाणाने दुसऱ्यावर. कीबोर्ड शॉर्टकटची सोय चालू असू द्या. मग डी दाबला की पहिला डेक वाजतो, एल दाबला की दुसरा. क्रॉसफेडर, म्हणजे एका डेकचा आवाज घटवत दुसऱ्याचा वाढवणारा दांडा, जीने डावीकडे सरकतो आणि एचने उजवीकडे. कंट्रोलर घ्यायची घाई करू नका, दोन-तीन महिने कीबोर्डवर मजेत जातात.

आता पहिलं गाणं वाजू द्या. दुसऱ्याचा सिंक दाबून वेग जुळवून घ्या आणि कीलॉक चालू ठेवा, त्याच्या बटणावर स्वराचं चिन्ह असतं. कीलॉक नसेल तर वेगाबरोबर सूरही चढतो. सहा टक्के वेग वाढला की जवळपास एक पट्टी वर, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जाऊन बसतं आणि गायकाचा आवाज पोरसवदा होतो.

मोजा. पहिल्या गाण्याचे बत्तीस संपून नवा 'एक' येईल त्या क्षणी एल दाबा. सुरुवातीला दहापैकी सात वेळा चुकेल, म्हणून परत करा. रेघांकडे पाहून दाबायची सवय लावू नका. डोळे मिटून दाबा आणि मग उघडून बघा किती चुकलं. डोळ्यांवर शिकलेला माणूस समोर गर्दी आली की गडबडतो.

सांधा घालताना एक पथ्य कडक पाळा: दोन गाण्यांचे खर्ज एकाच वेळी वाजू द्यायचे नाहीत. नवं गाणं आत आणताना त्याचं लो हे बटण शून्यावर ठेवा. बत्तीसाव्या मात्रेनंतर जुन्याचं लो खाली आणि नव्याचं वर, एका झटक्यात. ही एक गोष्ट साधली की ऐकणाऱ्याला सांधा जाणवतसुद्धा नाही. दोन्ही खर्ज एकत्र घुमले की कितीही महागडा स्पीकर असो, नुसता चिखल होतो.

हेडफोनचंही इथेच सांगते. पुढचं गाणं आधी एकट्याने ऐकायचं तर आवाजाला दोन वाटा लागतात, एक स्पीकरकडे आणि एक तुमच्या कानाकडे. लॅपटॉपला सहसा एकच वाट असते. काही शे रुपयांत यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं. प्रेफरन्सेसमधल्या साउंड हार्डवेअरमध्ये मेनला एक आणि हेडफोनला दुसरं नेमून द्या. आवाज तडतडला तर तिथेच बफर थोडा वाढवा. ब्लूटूथ स्पीकर मात्र मिक्सिंगला वापरू नका. तो दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे राहतो. १२० बीपीएमला एक बीटच ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे बोट आणि कान यांची गाठच पडत नाही.

मिक्सपासून रिमिक्सकडे

दोन गाणी एकामागून एक जोडणं हे मिक्स झालं. गाणं उसवून वेगळ्या अंगाने शिवणं म्हणजे रिमिक्स. त्यासाठी मिक्स्समध्ये तीन हत्यारं आहेत: हॉटक्यू (गाण्यात ठेवलेली खूण, दाबली की गाणं तिथूनच वाजतं), लूप आणि सॅम्पलर. वर्णन करत बसण्यापेक्षा मी स्वतः केलेलं एक काम सांगते.

आमच्या आजीने जात्यावरची एक ओवी मोबाइलमध्ये म्हणून दिली होती. मागे जात्याची घरघर, मध्येच बांगड्यांचा आवाज. तिचं रिमिक्स करायचं ठरवलं. ओवीला कुठला आलाय बीपीएम! पण जात्याला फेरा असतो. मिक्स्समध्ये बीपीएमच्या टॅपवर मी प्रत्येक फेऱ्याला एक क्लिक देत गेले, आकडा ४४च्या आसपास स्थिरावला. दुप्पट केला, ८८. मग दुसऱ्या डेकवर फ्रीसाउंडवरचा साधा ढोलकीचा तुकडा ८८ला आणला आणि त्यावर आठ बीटचा लूप लावला. लूप म्हणजे तेवढाच तुकडा गोल-गोल फिरत राहतो, थांबा म्हणेपर्यंत. लूप लावताना लोहचुंबकाचं चिन्ह असलेलं क्वांटाइझ चालू ठेवायचं, म्हणजे लूपची टोकं बरोबर बीटवर बसतात.

ओवीच्या डेकवर मात्र क्वांटाइझ आणि सिंक दोन्ही बंद केलं. आजी सॉफ्टवेअरच्या रेघांत गात नव्हती, तिला रेघेवर ओढलं तर शब्दांची पहिली अक्षरं कापली जातात. ओवीचे चार तुकडे केले आणि प्रत्येकाच्या पहिल्या अक्षरावर एकेक हॉटक्यू ठेवला. गाणं तिथे थांबवायचं आणि रिकाम्या आकड्यावर क्लिक करायचं, एवढंच. पहिल्या डेकचे चार हॉटक्यू कीबोर्डवर झेड, एक्स, सी, व्ही या बटणांवर येतात. लूप फिरत राहिला आणि मी समेची वाट पाहून झेड दाबला. आजीचा आवाज ढोलकीवर उतरला. पुढचे आठ बीट मुद्दाम रिकामे सोडले, मग एक्स. बांगड्यांचा किणकिणाट मी आधीच कापून सॅम्पलरमध्ये ठेवला होता, तो मधल्या रिकाम्या जागांत वाजवला. शेवटच्या तुकड्यावर एको लावला आणि ढोलकी काढून घेतली. मागे फक्त जातं फिरत राहिलं.

हा पहिला प्रयोग तुम्हीही घरच्याच आवाजावर करा. आईचं अंगाई म्हणणं, वडिलांची आरती, भाजीवाल्याची आरोळी, त्याला विचारून. हक्कांची कटकट नाही आणि जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेला आवाज तुमच्याकडे असतो.

तयार गाण्यातून आवाज वेगळा काढायचा असेल तर अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. एका गाण्यातून गायन आणि वाद्यमेळ अशा दोन फाइल देतं. चांगलं ग्राफिक कार्ड नसेल तर ते बराच वेळ घेतं, लॅपटॉप तापतो, धीर धरा. निकालाकडून अपेक्षाही बेताची ठेवा. हार्मोनियम गायकाच्या सुराला चिकटून चालते, त्यामुळे सुट्या केलेल्या आवाजात तिची सावली राहते. घुंगरू आणि 'स', 'श'ची अक्षरं एकमेकांत घोटाळतात. पण खाली नवा ठेका आणि थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आला की हे दोष बरेच झाकले जातात.

रेकॉर्ड करा, मग साफसूफ

मिक्स्समध्ये डावीकडे रेकॉर्डिंग आहे, बटण दाबलं की जे वाजतंय ते फाइलमध्ये जातं. एमपीथ्रीऐवजी वेव्ह किंवा फ्लॅक निवडा, कारण पुढे काटछाट करायची आहे.

आवाजाच्या पट्टीवर लक्ष ठेवा. ती हिरव्यात राहावी, पिवळ्याला अधूनमधून स्पर्श चालेल, लाल दिवा अजिबात नको. माझं पहिलं तासाभराचं रेकॉर्डिंग पूर्ण लाल पट्टीत झालं होतं. जोरात वाजतंय म्हणून मी खूश होते. घरी ऐकलं तर प्रत्येक ढोलाच्या ठोक्याला आवाज फाटलेला. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही, तो अख्खा तास गेला. आवाज कमी वाटला तर स्पीकरचा वाढवा, सॉफ्टवेअरमधला नाही.

दुसरा अनुभव एका हळदीतला. वऱ्हाडी नाचात असताना लॅपटॉप झोपी गेला, कारण बराच वेळ मी माउसला हात लावला नव्हता. चार लोकांसमोर वाजवायच्या आधी स्लीप बंद करा, वायफाय बंद करा, नोटिफिकेशन बंद करा आणि चार्जर लावा. वाजवायला बसण्याआधी हे माझं ठरलेलं काम आहे.

रेकॉर्डिंग ऑडेसिटीत उघडा. २००० साली आलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे. पुढची-मागची शांतता कापा, शेवटी फेड आउट द्या, नॉर्मलाइझने सर्वांत वरचा आवाज उणे एक डेसिबलवर आणा. एखादा तुकडा लांबवायचा असेल तर 'चेंज टेम्पो' वापरा, 'चेंज स्पीड' नको, त्याने सूरही बदलतो. २०२३च्या अखेरीस आलेल्या ३.४ आवृत्तीपासून ऑडेसिटीत सेकंदांऐवजी बीटची पट्टीही दाखवता येते. त्यामुळे अनेक थर एकमेकांखाली मांडून सावकाश रिमिक्स बांधायचं काम इथेही होतं.

हक्क आणि आवाज

घरी बसून कुठल्याही गाण्यावर सराव करा. पण दुसऱ्याच्या गाण्याचं रिमिक्स लोकांसाठी टाकायचं म्हटलं की हक्क दोन ठिकाणी असतात: एक गीत आणि चालीचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, तर गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी आहे म्हणून ती आपोआप मोकळी होत नाही. मूळ कलाकाराचं नाव दिलं म्हणून परवानगीही मिळत नाही. पारंपरिक ओवी, भारूड, अभंग यांचे शब्द मोकळे असतात, पण ते कुणी गायलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असतं. स्वतः गा, नाहीतर गावातल्या कुणाला तरी गायला लावा.

आणि स्पीकर बाहेर काढणार असाल तर, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सणांसाठी सरकारने सूट दिलेले मोजके दिवसच त्याला अपवाद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. छातीत धडधड होईल इतका खर्ज लावणं म्हणजे चांगलं वाजवणं, असं मला कधीच वाटलेलं नाही. समोरच्या घरात आजारी माणूस असतो, पाळण्यात तान्हं बाळ असतं.

फाइल तयार झाली की त्या दिवशी कुणालाही पाठवू नका. एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, मग इअरफोनवर, मग कुणाच्या तरी गाडीत. मोबाइलवर ठेका ऐकूच आला नाही तर खर्जाला थोडी वरची धार द्या. गाडीत काच थरथरली तर खर्ज कमी करा. तिन्हीकडे शब्द नीट ऐकू आले की ३२० केबीपीएसची एमपीथ्री करा आणि ज्याचा आवाज वापरला त्याला सर्वांत आधी ऐकवा. आजीने माझं ऐकलं, दोनदा लावायला सांगितलं आणि म्हणाली, दुसऱ्या ओळीला घाई केलीस. बरोबर होतं तिचं. एक्स मी अर्धी मात्रा आधी दाबला होता.